ऑल्ट+एच रिकामं नव्हतं: वर्डमधले स्वतःचे शॉर्टकट आणि मेनूची अक्षरं

प्रश्न थोडक्यात असा. एका मराठी प्रकाशनाचं टायपिंग आणि मुद्रितशोधन वर्डमध्ये चालतं. प्रश्नकर्त्यांनी काम झपाझप व्हावं म्हणून आपल्या मॅक्रोंना (एका झटक्यात चालणाऱ्या, साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकांना) ऑल्ट+एच, ऑल्ट+आर, ऑल्ट+एन असे शॉर्टकट दिले आणि कंट्रोल+ऑल्ट+४ वर ‘हेडिंग ४’ ही शीर्षकाची शैली बसवली. तेव्हापासून ऑल्ट+एच दाबल्यावर कधी मॅक्रो चालतो, तर कधी होम टॅब उघडतो. रुपयाचं चिन्ह उमटेनासं झालंय. आणि दुसऱ्या पाळीत त्याच कॉम्प्युटरवर बसणाऱ्या ताई दृष्टिहीन आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. त्यांना होम टॅबवर जाताच येत नाही. शॉर्टकट देताना वर्डनं तर ‘अनअसाइन्ड’ असं दाखवलं होतं. मग चुकलं कुठे, आणि कोणती बटणं बिनधास्त वापरावीत?

तुमचं वर्ड बिघडलेलं नाही आणि मॅक्रोही ठीक आहेत. तक्रारी तीन असल्या तरी कारणं दोन आहेत. होम टॅबची भानगड ऑल्टच्या अक्षरांची आहे, रुपयाची भानगड उजव्या ऑल्टची. दोन्ही वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील.

आधी होम टॅब. वर्ड दोन वेगळ्या वह्या ठेवतं असं समजा. पहिल्या वहीत शॉर्टकट असतात: कंट्रोल+बी म्हणजे ठळक, कंट्रोल+एस म्हणजे सेव्ह. दुसऱ्या वहीत मेनूची आणि रिबनची (वरच्या टॅबांच्या पट्टीची) अक्षरं असतात, ज्यांना अ‍ॅक्सेस की म्हणतात: एफ म्हणजे फाइल, एच म्हणजे होम, एन म्हणजे इन्सर्ट, आर म्हणजे रिव्ह्यू. तुम्ही ज्या खिडकीत शॉर्टकट दिलात, ती फक्त पहिली वही उघडून बघते. ऑल्ट+एच तिथे कोणाच्या नावावर नव्हतं, म्हणून ‘अनअसाइन्ड’ आलं. दुसऱ्या वहीत ते २००७ सालापासून, म्हणजे रिबन आल्यापासून, होम टॅबच्या नावावर आहे. माझ्या मते ही त्या खिडकीची मोठी उणीव आहे, कारण माणूस तो शब्द वाचतो आणि निर्धास्त होतो.

आता ‘कधी हे, कधी ते’ का होतं ते बघा. ऑल्ट दाबून धरलं आणि त्याच दमात एच दाबलं, तर पहिली वही आधी तपासली जाते, तुमचा मॅक्रो सापडतो आणि चालतो. ऑल्ट दाबून सोडलं, टॅबांवर छोट्या चौकोनांत अक्षरं उमटली आणि मग एच दाबलं, तर तो एच रिबनला मिळतो. तेव्हा पहिली वही कोणी बघत नाही, म्हणून होम उघडतो. अंगठा ऑल्टवरून क्षणभर आधी उचलला गेला तरी निकाल बदलतो. स्वतः करून बघा, दोन्ही प्रकार सावकाश दहा-दहा वेळा. एकदाही चुकणार नाही.

हा क्रम वर्डनंच काढलेला नाही. विंडोजवरचा साधा प्रोग्राम लिहिताना बटण दाबल्याचा निरोप आधी ट्रान्सलेटअ‍ॅक्सिलरेटर नावाच्या फंक्शनकडे द्यायचा असतो. शॉर्टकटांच्या तक्त्यात ती जोडी सापडली तर निरोप तिथेच संपतो. नाही सापडली तरच तो पुढे खिडकीकडे आणि तिथून मेनूकडे जातो. म्हणजे ऑल्ट+अक्षर दोघांनीही मागितलं, तर शॉर्टकट जिंकतो आणि मेनूला पत्ताही लागत नाही. प्रोग्राम कुठली सूचना देत नाही, चुकीचा आवाज करत नाही. म्हणूनच अशी भांडणं महिनोन्‌महिने लक्षात येत नाहीत.

तुमच्या ताईंच्या बाबतीत हेच झालंय. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या माणसाला माउसचा उपयोग जवळजवळ नसतो. ऑल्ट+एच हा त्यांच्यासाठी होम टॅबचा पत्ता आहे, आणि तो बोटांत बसलेला असतो. मी बरीच वर्षं दृष्टिहीन विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर शिकवतो. त्यांची बोटं बघा: ऑल्ट, एच, एफ, एफ की फाँटच्या नावाच्या चौकटीत हजर. मधे कुठेही थांबणं नाही. या साखळीतली पहिलीच कडी तुमच्या मॅक्रोनं तोडली. शिवाय त्यांच्या नकळत मॅक्रो चालला तो वेगळाच. तो मजकुरात काही बदल करणारा असेल, तर त्यांनी न केलेला बदल त्यांच्या नावावर फाइलमध्ये गेला.

तात्पुरता उपाय म्हणून ताईंना सांगा: ऑल्ट सोडून मग एच दाबा. पण हा उपाय सगळ्यांना चालत नाही. एका हातानं टाइप करणारी माणसं विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय वापरतात. त्यात ऑल्ट एकदा दाबलं की पुढचं बटण दाबेपर्यंत ते दाबलेलंच धरलं जातं. अशा माणसानं ऑल्ट सोडून एच दाबलं तरी वर्डला ते दोन्ही एकत्रच दिसणार आणि मॅक्रोच चालणार. त्यांच्यासाठी उरतं एफ१०: ते दाबलं की रिबनवर अक्षरं येतात आणि त्यानंतरचा एच थेट होमला जातो. एफ१० कधीही, कुठल्याही कारणासाठी स्वतःच्या कामाला लावू नका. मागचं दार आहे ते.

तुमचं काम हलकं व्हावं ही तुमची इच्छा रास्तच आहे. पण मेनूची अक्षरं किती जपली जातात याचं एक उदाहरण देतो. २००७ मध्ये एक्सेलचा जुना मेनू गेला आणि रिबन आली. एडिट मेनूच उरला नाही. तरी हिशेबनीस मंडळींच्या बोटांत ऑल्ट, ई, एस म्हणजे ‘पेस्ट स्पेशल’ बसलेलं होतं, म्हणून ते आजही चालतं. दिसतही नसलेल्या मेनूची अक्षरं अजून जिवंत आहेत. वर्डमध्येही तसंच आहे. त्यामुळे ‘रिबनवर नसलेली अक्षरं घेतो’ म्हणालात तरी ई, व्ही, आय, ओ, टी, ए ही जुन्या मेनूंची अक्षरं वजा करावी लागतात. ऑल्ट+एक्स तर वर्डनंच घेतलेलं आहे. वर एखादं अ‍ॅड-इन (वर्डला जोडायचा पूरक प्रोग्राम) बसवलं की त्याचा टॅब आणखी एक अक्षर घेतो. शिल्लक राहतं ते इतकं थोडं की त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आता रुपया. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ हा कीबोर्ड निवडला असेल तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. या कीबोर्डवर उजवं ऑल्ट हे साधं ऑल्ट नसतं. त्याला ऑल्ट-ग्राफ म्हणतात, आणि विंडोज ते प्रोग्रामला ‘कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबले’ असंच कळवतं. म्हणजे उजवं ऑल्ट+४ आणि तुमचं कंट्रोल+ऑल्ट+४ वर्डच्या दृष्टीनं एकच. तुम्ही तिथे हेडिंग बसवलंत आणि रुपयाची जागा गेली. ओळीचं रूप एकदम शीर्षकासारखं बदलत असेल तर हेच कारण. शेजारच्या टेबलावर अमेरिकन इंग्लिश कीबोर्ड असेल, तर तिथे उजवं ऑल्ट साधंच असतं आणि रुपया मुळातच येत नाही. म्हणून ‘त्याच्याकडे हा त्रास नाही’ हे ऐकून गोंधळू नका.

हा पेच जगभर आहे. पोलिश कीबोर्डवर उजवं ऑल्ट आणि एस दाबलं की त्यांचं ‘श्‌’सारखं अक्षर, डोक्यावर तिरकी रेघ असलेला एस, उमटतं. मीडियम या लेखनाच्या संकेतस्थळावर ते एकच अक्षर उमटेना. लेखन आपोआप सेव्ह होत असल्यामुळे तिथे कंट्रोल+एस दाबलं तर ब्राउझरची सेव्हची खिडकी उघडू नये, अशी सोय केलेली होती. पण ती सोय ऑल्टही दाबलेलं आहे का हे बघत नव्हती. कंट्रोल+ऑल्ट+एससुद्धा ती गिळून टाकायची. हा सगळा शोध त्यांनीच २०१५ मध्ये सविस्तर मांडला. मी नवीन प्रोग्रामरांना आवर्जून सांगतो: कंट्रोल+अक्षर पकडताना ‘ऑल्ट दाबलेलं नाही ना’ हे विचारायला विसरू नका. एक अट कमी पडली तर एखाद्या भाषेतलं अक्षरच गायब होतं.

कंट्रोल+ऑल्टवर आणखी एक गर्दी असते. एनव्हीडीएमध्ये तक्त्याच्या एका घरातून शेजारच्या घरात जायला कंट्रोल+ऑल्ट आणि बाणाची बटणं लागतात. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी गुणपत्रिकेचा तक्ता वाचत होती. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरनं नेमकी हीच बटणं स्क्रीन फिरवण्यासाठी घेऊन ठेवली होती. ती खालचा बाण दाबतेय, स्क्रीन उलटा झालाय, आणि तिला एवढंच कळतंय की तक्ता पुढे सरकत नाही. तिनं चार-पाच वेळा दाबलं, मग हात मांडीवर ठेवून गप्प बसली. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. मी मागून येऊन बघेपर्यंत पाच मिनिटं गेली होती. ड्रायव्हरमधल्या हॉटकीज बंद केल्यावर तो तक्ता तिनं अर्ध्या मिनिटात वाचून काढला.

तुम्ही वर्डबाहेरचं एखादं शॉर्टकटचं साधन वापरणार असाल, तर याच जातीचा एक बारीक दोष माहीत असू द्या. असं साधन ऑल्ट+जे सारखी जोडी पकडतं आणि त्यातलं ‘जे’ हे बटण स्वतःकडे ठेवून घेतं. वर्डला मग काय दिसतं? ऑल्ट दाबलं गेलं आणि सोडलं गेलं, मधे काहीच नाही. नुसतं ऑल्ट दाबून सोडणं म्हणजे ‘रिबनवर चला’ हा हुकूम. त्यामुळे त्या शॉर्टकटला जोडलेलं तुमचं वाक्य बरोबर उमटतं, पण पुढचं अक्षर मजकुरात न जाता रिबनवर जातं. रिपोर्ट लिहायला जावं तर आर दाबताच रिव्ह्यू टॅब उघडतो. चांगली साधनं यावर मधेच एक कंट्रोल दाबल्याचा निरोप पाठवतात, म्हणजे ऑल्ट एकटं दाबलं गेलं असं वाटत नाही. ऑटोहॉटकी नावाचं साधन हे आपणहून करतं. तुमचं साधन करतं का, हे ऑल्टचा एक शॉर्टकट चालवून लगेच दोन अक्षरं टाइप केली की कळतं.

तुमच्याकडे मराठी टायपिंग होतं म्हणून एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. शॉर्टकट बहुतेक वेळा बटण ओळखतो, मेनू मात्र अक्षर शोधतो. मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी चालू असताना एफच्या बटणावर ऱ्हस्व वेलांटी असते आणि केच्या बटणावर क. कंट्रोल+एस दाबलं की सेव्ह होतं, कारण तिथे बटणाला महत्त्व. पण ऑल्ट+एफ दाबलं तर मेनूकडे एफ न जाता वेलांटी जाऊ शकते, आणि मेनूत वेलांटीनं सुरू होणारं काय असणार! काही प्रोग्राम ही अडचण ओळखून सांभाळून घेतात, काही नुसता टिंग आवाज करून गप्प बसतात. ‘ऑल्टचं अक्षर चालत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा खाली उजव्या कोपऱ्यात कोणती भाषा आहे ते बघायला सांगतो.

यामुळेच मराठीत भाषांतर केलेल्या मेनूंमध्ये ‘फाइल (F)’ असं कंसात इंग्रजी अक्षर ठेवायची पद्धत आहे. लोकांना ते विद्रूप वाटतं, आणि नवखे अनुवादक ते काढून टाकतात. अनुवादाच्या फाइलमध्ये त्या अक्षराआधी एक खूण असते: विंडोजमध्ये आणि क्यूटी या प्रोग्राम बांधायच्या साधनसंचात अँपरसँड (&), तशाच जीटीके या संचात खालची रेघ (_), लिब्रेऑफिसमध्ये नागमोडी रेघ (~). ती खूण गेली की मेनूचं दार कीबोर्डसाठी बंद. मी मराठीकरणाची कामं तपासायचो तेव्हा आणखी एक चूक सतत सापडायची: एकाच मेनूत ‘शोधा’ आणि ‘सर्व निवडा’ दोघांनाही एकच अक्षर. विंडोजच्या साध्या मेनूत अशा वेळी ते अक्षर दाबलं की आज्ञा चालत नाही. निवड नुसती पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि एंटर दाबावं लागतं. डोळस माणसाला उडी दिसते. ऐकून काम करणाऱ्याला वाटतं आज्ञा चालली. मग तो पुढचं टाइप करायला लागतो. मूळ इंग्रजीत अक्षरं वेगळी असली तरी मराठी मेनूची यादी ओळीनं वाचून दुहेरी अक्षरं काढावीच लागतात. ते काम कोणी मागत नाही, पण ते केल्याशिवाय मेनू पुरा झाला असं मी मानत नाही.

इतर प्रोग्रामांनी हे भांडण वेगवेगळ्या रीतीनं मिटवलंय. फायरफॉक्समध्ये पूर्वी वेबपानानं दिलेली अक्षरं ऑल्टवरच चालायची आणि ब्राउझरच्या मेनूवर कुरघोडी करायची. २००६ च्या आवृत्ती २ पासून ती ऑल्ट+शिफ्टवर नेली. लिनक्सवरच्या ग्नोम टर्मिनल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत ऑल्ट+एफ म्हणजे फाइल मेनू की त्या आज्ञा चालवणाऱ्या बॅशमधली पुढच्या शब्दावरची उडी, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या संपादकातही मेनूची ऑल्टची अक्षरं बंद करून ती जागा स्वतःच्या शॉर्टकटांना देता येते. मला हीच पद्धत सर्वांत रास्त वाटते: आधी मेनूचा हक्क, आणि ज्याला तो नको असेल त्यानं जाणूनबुजून सोडावा. वर्डमध्ये असं बटण नाही, तिथे आपणच शिस्त पाळायची.

आता दुरुस्ती. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, आणि खाली कीबोर्ड शॉर्टकट्सच्या शेजारचं कस्टमाइझ. डावीकडच्या यादीत मॅक्रोज निवडा, उजवीकडे एकेक मॅक्रो, ‘करंट कीज’मध्ये ऑल्टची जोडी, आणि रिमूव्ह. हेडिंग ४ डावीकडे ‘स्टाइल्स’खाली सापडेल. ‘रीसेट ऑल’ला हात लावू नका, तुमचे चांगले शॉर्टकटही पुसले जातील. खालचं ‘सेव्ह चेंजेस इन’ नीट बघा. तिथे नॉर्मल.डॉटएम (वर्डची मूळ साचा-फाइल) असेल, तर बदल त्या विंडोज खात्यातल्या प्रत्येक फाइलला लागू होतो. तुमच्या ताईंना तुमचे मॅक्रो भेटले ते यामुळेच. दोघांची विंडोज खाती वेगळी करा. प्रत्येक खात्याची नॉर्मल.डॉटएम वेगळी असते, आणि एवढ्यानंच अर्धा त्रास संपेल.

रोजच्या चार-पाच मॅक्रोंसाठी माझी पहिली पसंती क्विक अ‍ॅक्सेस टूलबार, म्हणजे नेहमीच्या आज्ञांची छोटी पट्टी. ऑप्शन्समध्ये जाऊन मॅक्रो तिथे घाला आणि बाणांनी वर सरकवा. पहिल्या जागेला ऑल्ट+१, दुसरीला ऑल्ट+२. हे आकडे दुसऱ्या वहीतच नोंदले जातात, म्हणून रिबनशी भांडत नाहीत. ऑल्ट दाबलं की दिसतात, आणि दाबून धरा किंवा सोडून दाबा, दोन्ही चालतं. बाकीच्यांसाठी कंट्रोल+शिफ्ट+अक्षर घ्या. त्यातही सी, व्ही, एन, के अशी बरीच आधीच गेलेली आहेत, पण ही पहिल्या वहीतली असल्यामुळे खिडकी खरं सांगेल. ऑल्ट+शिफ्ट शक्यतो टाळा: दोन कीबोर्ड असलेल्या कॉम्प्युटरवर बहुधा तीच जोडी मराठी-इंग्रजी बदलते, आणि अक्षर दाबायचं राहून गेलं की भाषा पालटते.

हेडिंग ४ कंट्रोल+ऑल्टवरून हलवा, रुपया लगेच परत येईल. ज्या कॉम्प्युटरवर तो कीबोर्डच नाही, तिथे वर्डमध्ये 20B9 टाइप करून ऑल्ट+एक्स दाबा. त्या चार अक्षरांचा रुपया होतो.

सगळं झाल्यावर ऑल्ट+एफ८ दाबा, ‘वर्ड कमांड्स’ निवडा आणि लिस्टकमांड्स ही आज्ञा चालवा. सध्याच्या कीबोर्ड सेटिंगची यादी मागा. नव्या फाइलमध्ये पूर्ण तक्ता तयार होतो. त्यात ऑल्टची एखादी जोडी राहून गेली असेल तर ती तिथे सापडेल. प्रिंटच्या सेटिंगमधूनही स्वतः दिलेल्या शॉर्टकटांचा कागद काढता येतो, पण ताईंसाठी ही फाइलच त्यांच्या डेस्कटॉपवर ठेवा. एनव्हीडीए ती ओळीनं वाचून दाखवेल, आणि कोणतं बटण कोणाचं हे त्यांना तुम्हाला विचारावं लागणार नाही.